पिराजींचं वाक्य

“अप्पा, ह्या लातूरहून आल्यात. दिल्लीला लोकसभेत होत्या,” राजकन्या वडिलांच्या उजव्या कानाशी वाकून जरा मोठ्यानं म्हणाली.

खाटेवर उशीला टेकून बसलेल्या शिवशंकर हुडग्यांनी मान वर केली. वय अठ्ठ्याऐंशी. कपाळावर सकाळचं भस्म, अंगात धुतलेला पांढरा सदरा. त्यांनी दारातल्या बाईकडे डोळे बारीक करून पाहिलं.

“कोन्या पार्टीच्या?”

“कोणत्याच नाही, अप्पा,” अंबिका म्हणाली. “मी तिथं नोकरीला होते. दुभाषी.”

“मंग बसा. पार्टीवाल्यायला आजकाल म्या उभ्या उभ्याच वाटं लावतो.”

राजकन्या हसली. तिनं खुर्ची पुढे सरकवली आणि चहा टाकायला आत गेली. अंबिका खुर्चीच्या कडेवर बसली. सकाळी लातूरच्या स्टँडवर एसटीत बसल्यापासून लोहा मागे पडेपर्यंत तिनं काय बोलायचं ते मनात चार वेळा घोळवलं होतं. विष्णुपुरीला उतरल्यावर घर शोधताना पाचव्यांदा. आता समोर माणूस होता आणि पहिलाच शब्द सापडत नव्हता. आयुष्यभर दुसऱ्यांची भाषणं अडखळल्याशिवाय बोललेली ती बाई. स्वतःचं बोलायची वेळ आली तेव्हा पिशवीचे बंद सारखे करत बसली.

“अप्पा, तुम्ही मला ओळखणार नाही,” ती शेवटी म्हणाली. “तुम्ही माझं तोंड एकदाच पाहिलंय, तेही एकतीस वर्षांपूर्वी. पण तुमच्यामुळं माझी नोकरी राहिली. ते सांगायला आलेय.”

अंबिका मूळची उदगीरची. घरात कानडी, वडिलांच्या किराणा दुकानात मराठी, आणि निम्मी गिऱ्हाइकं उर्दूत भाव करणारी. तीन भाषांत उड्या मारायची सवय तिला परकर-पोलक्यातच लागली. पुढे इंग्रजी शिकली, परीक्षा दिली आणि एकतिसाव्या वर्षी दिल्लीत दुभाषी म्हणून लागली. सभागृहाच्या वरच्या अंगाला काचेच्या लहान खोल्या होत्या. तिथं हेडफोन लावून बसायचं. खाली कुणी मराठीत बोलायला उभं राहिलं, की त्याचं बोलणं त्याच्या मागोमाग इंग्रजीत बोलत जायचं. ते इंग्रजी खाली बसलेल्यांच्या कानात पडायचं.

तिला लागून चारच महिने झाले होते. अजून कायम व्हायची होती. त्या दिवशी दुपारी पिराजी देवकते बोलायला उभे राहिले.

पिराजी विरोधी बाकांवरचे. नांदेडकडच्या एका खेड्यातले, शाळामास्तरकी सोडून राजकारणात आलेले. हिंदी मोडकी, इंग्रजी नाहीच. ते नेहमी मराठीतच बोलत. त्यांच्या भागात ओढ्यावर एक पूल व्हायचा होता. पावसाळ्यात त्या ओढ्यात तीन माणसं वाहून गेली होती. खात्याचं लेखी उत्तर आलं होतं, की पूल बांधून झाला आहे. पिराजींनी तो कागद हातात धरला होता आणि ते अगदी शांतपणे बोलत होते.

“मंत्री बेइमान हायेत असं मी म्हणत न्हाई,” ते म्हणाले, “पण त्यायला पूल दाखवणारा जो कोणी हाय, त्यानं मलाबी तो एकदा दाखवावा.”

मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. इंग्रजीत तो आधी घ्यावा लागतो. म्हणून अशा वाक्याला दुभाष्यानं दम धरायचा असतो, शेवट ऐकायचा आणि मगच तोंड उघडायचं. अंबिकाला हे शिकवलेलं होतं. पण त्या दिवशी तिनं दम धरला नाही. ‘मंत्री बेइमान आहेत’ एवढं तिनं इंग्रजीत बोलून टाकलं. तिच्या कानात ‘असं मी म्हणत न्हाई’ पडलं तेव्हा खाली सत्ताधारी बाकांवरचे पन्नासेक जण उभे राहिले होते. तिनं लगेच वाक्य दुरुस्त केलं. पण हेडफोन कुणाच्याच कानावर नव्हते. सगळ्यांनी ते काढून टाकले होते आणि सगळे ओरडत होते.

काही जण अध्यक्षांच्या आसनासमोर गेले. माफी मागा, माफी मागा, असा एकच गजर सुरू झाला. पिराजी कागद हातात धरून उभे. आपण असं काय बोललो, हेच त्यांना कळत नव्हतं. ते शेजाऱ्याला विचारत होते, “म्या काय बोललो? अरे, म्या काय बोललो?” अध्यक्ष म्हणाले, सदस्यांनी माफी मागावी, नाहीतर कारवाई करावी लागेल. अंबिका काचेमागे अडकून होती. खाली जाता येत नव्हतं. ओरडून सांगता येत नव्हतं. चूक तिची होती आणि शिक्षा त्या म्हाताऱ्या मास्तरला होत होती.

तेवढ्यात सत्ताधाऱ्यांच्या दुसऱ्या रांगेतून एक माणूस उभा राहिला. पुढच्या बाकावरून त्याला बसायची खूण झाली. तो बसला नाही. तेच शिवशंकर हुडगे, औशाचे अप्पा. त्यांनी दख्खनी वळणाच्या हिंदीत सांगितलं, की मला मराठी समजते, मी हेडफोन लावलेला नव्हता. देवकतेसाहेब ‘म्हणत नाही’ असं म्हणाले आहेत. मी ऐकलं आहे. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत आपण उठलो. चूक आपल्या कानांची आहे.

सभागृह हळूहळू खाली बसलं. अध्यक्ष म्हणाले, माननीय सदस्यांच्या शब्दावर मी विश्वास ठेवतो. तो सगळा भाग कामकाजातून वगळला गेला. पिराजींनी पुलाचं भाषण पुरं केलं, आणि अंबिकानं या वेळी प्रत्येक वाक्याचा शेवट ऐकून ते इंग्रजीत पोचवलं.

‘आपल्या कानांची’ असं अप्पा म्हणाले होते. ‘वरच्या बाईची’ असं म्हणाले असते तर तेही खरंच होतं, आणि दुसऱ्या दिवशी तिला घरी पाठवलं असतं.

संध्याकाळी ती घाबरत घाबरत खाली गेली. दोघंही एकाच टेबलाशी चहा पीत बसले होते. तिनं हात जोडले, चूक माझी होती म्हणाली. अप्पा नुसते हसले. पिराजी म्हणाले, “बाई, तुमची काय चूक? आमच्या भाषेत ‘न्हाई’ लई उशिरा येतं. गाडी वेळेवर आन् म्हातारा मागून पळत, तशी गत.” त्यांनी तिच्यासाठीही चहा मागवला. ती चहा न पिताच पळाली. दुभाष्यानं सदस्यांसोबत चहा प्यायचा नसतो, असा तिचा समज होता.

पुढच्या निवडणुकीत अप्पांना तिकीट मिळालं नाही. कारण कुणी जाहीर केलं नाही. पण बाहेरच्या व्हरांड्यात कुजबुज होती, की हुडगे समोरच्यांचे आहेत, ऐन वेळी आपल्याच लोकांना खाली बसवतात. अंबिकानं तीनदा पत्र लिहायला घेतलं आणि तीनदा फाडलं. नोकरीत असताना सदस्यांना पत्र लिहायचं नसतं. निदान तिनं स्वतःला तसं सांगितलं.

“त्याच्यामुळंच तुमचं तिकीट गेलं ना, अप्पा?” तिनं आता विचारलं. “खरं सांगा. मी त्याच्यासाठीच आलेय.”

राजकन्यानं चहाचे कप आणि बशीत सुशीला आणून ठेवला होता. भिजवून परतलेल्या चुरमुऱ्यांवर शेंगदाण्याचा कूट होता, बाजूला लिंबाची फोड. अप्पांनी बशी अंबिकाकडे सरकवली.

“आधी खा. एसटीनं आलाव, भूक लागली आसंल.” मग ते म्हणाले, “गेलं त्याच्यामुळंच. पण त्याचं काय हाय, ही पोरगी तवा बारावीला व्हती. दिल्लीत असतो तर हिच्याकडं कोन बघणार व्हतं? हिची माय आधीच गेलेली. म्या घरी बसलो. पहाटं उठून हिला चहा करून द्यायचो. ही बसायची गणितं सोडवत, आन् म्या बसायचो हिच्या समोर, झोपू न्हाई म्हणून. आता इथं विष्णुपुरीच्या कॉलेजात दुसऱ्यांच्या पोरायला शिकवती. इंजिनिअरिंग.” त्यांनी लेकीकडे पाहिलं. “खासदारकीत एवढं काही झालं नसतं माझ्या हातून.”

“चहा लई कडू करायचे,” राजकन्या म्हणाली.

“त्याच्यानंच जागी राहिली.”

अंबिका हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. एकतीस वर्षं ती या माणसाचं नुकसान उरावर घेऊन फिरत होती. नुकसान झालंच नाही, असं तो म्हणत नव्हता. झालं, आणि त्यानं त्याचं हे असं केलं, एवढंच सांगत होता.

“अजून काही हाय तुमच्या पोटात,” अप्पा म्हणाले. “तीस वर्षं आला न्हाईत आन् आजच कामून आलाव?”

मग तिनं तेही सांगितलं.

ती दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाली. मधल्या काळात इकडचे तिकडे गेले, तिकडचे इकडे आले, सत्ता दोन-तीनदा फिरली, पण काचेमागून दिसणारं चित्र एकाच दिशेनं बदलत गेलं. आधी माणसं एकमेकांकडे बघून भांडायची. मग कॅमेऱ्याकडे बघून भांडायला लागली. एकत्र चहा पिणं बंद झालं, कारण कुणीतरी फोटो काढायचं आणि संध्याकाळपर्यंत तो त्यांच्या मतदारसंघात पोचायचा. मोठमोठी विधेयकं गोंधळातच पास व्हायची. हेडफोनमध्ये नुसता आवाज यायचा, आणि तिच्यापाशी बोलायला शब्द नसायचे. तीस वर्षांपूर्वी तिच्या एका चुकीनं सभागृह उठलं होतं. आता उठायला कुणाच्या चुकीची गरज राहिली नव्हती.

तिच्या शेवटच्या अधिवेशनात एक तरुण सदस्या मराठीत बोलायला उभी राहिली. आपल्याच भागातली, पहिल्यांदा निवडून आलेली, या वेळी सत्ताधारी बाजूची. ती म्हणाली, विरोधकांचं सगळंच चुकतं असं मी म्हणत नाही. अंबिकानं दम धरला. वाक्याचा शेवट ऐकला. मग अगदी नेमकं, एक शब्द इकडचा तिकडे न करता इंग्रजीत बोलली. तरी समोरची बाजू उठली. त्यांनी ऐकलंच नव्हतं. ती उभी राहिली तेव्हाच त्यांचं उठायचं ठरलेलं होतं. मग तिच्या बाजूचे त्यांच्यावर ओरडायला उठले. त्यांनीही तिचं ऐकलं नव्हतं. तिचं वाक्य सगळ्यात समजूतदार होतं आणि ते तिच्याही लोकांना नको होतं. कामकाज तहकूब झालं. ती पोरगी कागद घेऊन थोडा वेळ उभीच होती.

“मी वाट बघत होते, अप्पा,” अंबिका म्हणाली. “दोन्हीकडं मराठी समजणारे दहा-बारा जण तरी होते. एकजण उभा राहील, म्हणेल, अरे, ती तसं म्हणालीच नाही. कुणी उभं राहिलं नाही. त्या दिवशी मला कळलं, तुम्ही काय केलं होतं. तोवर मला वाटायचं तुम्ही माझ्यावर उपकार केला. तो तर होताच. पण तुम्ही सभागृहालाही वाचवलं होतं. हे सांगायला मी औशाला गेले, तर तुमच्या घरी कुलूप. शेजारच्या दुकानदारानं सांगितलं, अप्पा आता लेकीकडं असतात.”

अप्पांनी चहाचा कप उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

“बाई,” ते म्हणाले, “तुम्ही एवढ्या लांबून आलाव. मंग तुम्हाला खरं सांगायला पायजे. म्या ते वाक्य ऐकलंच नव्हतं.”

अंबिकाला वाटलं आपल्या ऐकण्यात चूक झाली.

“‘बेइमान हायेत’ इथपर्यंत ऐकलं. पुढं आमचेच लोक वरडायले. काही ऐकू आलं न्हाई.”

“मग तुम्ही उभे कसे राहिलात?”

“पिराजीला वळखत व्हतो की.” ते सरळ बसले. “एकदा निवडणुकीत तो औशाला सभा घ्यायला आला. तासभर माझी सालटी काढली. सभा संपली आन् रात्री माझ्याच घरी जेवायला आला. ताटावर बसून म्हणला, अप्पा, आज तुमच्यावर लई बोललो, त्यातलं काही चूक बोललो असलो तर आत्ताच सांगा. म्या म्हणलं, इहिरींचा आकडा चुकला तुमचा. दुसऱ्या दिवशी रेणापूरला त्याची सभा व्हती. तिथं त्यानं भर सभेत आकडा दुरुस्त केला, आन् मंग परत माझी सालटी काढली.” ते हसले. “असा माणूस पुरावा न देता कोनाला बेइमान म्हणंल? म्हणायचंच असतं तर कागद टेबलावर ठेवून म्हणला असता. मला माहीत व्हतं, वाक्य पुढं असणार. म्हणून उठलो.”

हसू गेलं. “पण म्या सभागृहात सांगितलं, ‘मैंने सुना है’. ऐकलं नव्हतं. तेवढं एक खोटं म्या तिथं बोललो. अध्यक्षांनी माझ्या शब्दावर इश्वास ठेवला. आन् समजा पिराजी तसं म्हणलाच असंल तर? लई वर्षं हे टोचून राहिलंय.”

“त्यांना कधी विचारलं नाही?”

“कसं इचारणार? इचारलं असतं तर त्याला कळलं असतं, की अप्पाला तेवढी शंका हाय. पुलावर बसून शेंगा खाल्ल्या आम्ही, तवाबी इचारलं न्हाई. पूल झाला बरं का. दोन वर्षांनी. उद्घाटनाला आम्हाला दोघांलाबी बोलावलं न्हाई, म्हणून तो मला जीपमधी घालून घेऊन गेला. खालून ओढा चालला व्हता, आन् आम्ही वर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडल्या. तवा इचारायचं जिवावर आलं.”

अंबिका खुर्चीवरून उठली आणि त्यांच्या उजव्या बाजूला खाटेच्या कडेला येऊन बसली.

“अप्पा, मी ऐकलंय.”

“काय?”

“ते वाक्य. पूर्ण. माझ्या कानात त्यांचाच माइक होता, दुसरा कुठलाच आवाज नव्हता. ते म्हणाले, ‘मंत्री बेइमान हायेत असं मी म्हणत न्हाई, पण त्यायला पूल दाखवणारा जो कोणी हाय, त्यानं मलाबी तो एकदा दाखवावा.’ असंच. ‘न्हाई’ म्हणताना आवाज जरा खाली गेला होता, पण म्हणाले.”

“पक्कं?”

“पक्कं. ते ऐकूनच तर मला कळलं, की माझं चुकलं.”

अप्पांनी डोळे मिटले. ओठ हलले, बहुतेक ते वाक्य मनात म्हणत असावेत. मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांनी पुसलं नाही. राजकन्या पुढे झाली, पण त्यांनी हातानं थांबवलं.

“बरं झालं आलाव,” ते म्हणाले. “लई बरं झालं. म्या तर आता ह्या शंकेसकट जायची तयारी केली व्हती.”

थोड्या वेळानं ते लेकीला म्हणाले, “ज्ञानोबाचा नंबर हाय का गं?”

राजकन्यानं आधी अंबिकाला सांगितलं. पिराजी तीन वर्षांपूर्वी गेले. निवडणुका तोंडावर होत्या. अप्पा जायला निघाले, धोतर नेसून तयार झाले होते. पण त्यांच्याकडच्या पुतण्यांनी अडवलं, की आता तिथं गेलात तर फोटो फिरेल, आपल्या लोकांत भलता अर्थ जाईल. पिराजींचा मुलगा ज्ञानोबाही वडिलांच्या पक्षात मोठा झाला होता. त्याच्याकडूनही निरोप आला, की सध्या येऊ नका. अप्पा दिवसभर धोतर नेसूनच बसून राहिले. त्यानंतर दोन घरांत बोलणं नव्हतं.

“लाव,” अप्पा म्हणाले.

राजकन्यानं नंबर लावून फोनचा आवाज वाढवला. पलीकडे ज्ञानोबा होता. “कोण?”

“विष्णुपुरीहून राजकन्या बोलतेय, शिवशंकरअप्पांची मुलगी. अप्पांना काकूंशी बोलायचं होतं.”

राजकन्यानं फोन कटला का ते बघितलं. मग ज्ञानोबा वेगळ्याच, लहान आवाजात म्हणाला, “थांबा. आईला देतो.”

“अप्पा?” पिराजींच्या बायकोचा, सगुणाबाईंचा आवाज आला. म्हातारा, पण खणखणीत. “हायेत का अजून?”

“हाय, वहिनी. हाय अजून.” अप्पांनी फोन स्वतःच्या हातात घेतला आणि उजव्या कानाला लावला. “माझं चुकलं, वहिनी. यायला पायजे व्हतं. लोकांचं ऐकून घरी बसलो.”

“म्या वाट बघितली व्हती,” सगुणाबाई म्हणाल्या. “उचलायच्या आधी म्हणलं, थोडं थांबा, औशाचे अप्पा येतील.”

सगुणाबाईच बोलत राहिल्या. शेवटच्या दुखण्याचं, दवाखान्याचं, जायच्या आदल्या आठवड्यात पिराजींनी पेपर वाचून घेताना काय म्हटलं ते, दारातल्या सीताफळाला यंदा किती फळ धरलं ते. अप्पा मधून मधून फक्त “हाव, वहिनी” म्हणत होते.

पाचची एसटी होती. अंबिकानं पिशवी उचलली, निरोप घ्यायला जवळ गेली आणि मग तशीच मागे आली. दारातूनच तिनं हात जोडले. अप्पांनी तिला पाहिलं, मान हलवली, पण फोन कानापासून काढला नाही.

तिनं उंबऱ्याबाहेर चपला घातल्या आणि एकदा वळून बघितलं. इतका वेळ वर धरून अप्पांचा हात अवघडून खाली यायला लागला होता. राजकन्या शेजारी येऊन बसली आणि तिनं वडिलांच्या कोपराखाली आपला तळहात लावून धरला. पलीकडून सगुणाबाईंचं बोलणं अजून चालूच होतं.